उद्याचा रकाना

माझ्या मुलाला पंधराव्या वर्षी एकच गोष्ट हवी होती. मस्कतमध्ये हिवाळ्यात होतकरू पोरांसाठी क्रिकेटचं शिबिर भरायचं. त्यात वीस मुलं घ्यायचे, आणि देशाच्या ज्युनिअर संघात जायचा रस्ता त्या शिबिरातूनच होता. त्या विसात त्याला नाव हवं होतं. बाकी नवा मोबाइल नको, बूट नकोत, वाढदिवसाला केकसुद्धा नको. आणि ती वीस नावं ठरवणाऱ्या तिघांमध्ये एक मी होतो.

हे ऐकून लोक हसून म्हणायचे, "मग काय, घरचाच मामला." मला त्या वाक्याची चीड यायची. चीड यायची म्हणूनच पुढचं सगळं झालं, असं आता म्हणता येईल. तेव्हा मी त्याला तत्त्व म्हणत होतो.

मी गुहागरकडचा. ओमानला आलो तो स्टोअरकीपर म्हणून. एसीचे डक्ट बनवणारी कंपनी. ऑफिस मस्कतच्या रुवीत, गोडाऊन शहराबाहेर बरक्याला, आणि आमचं बिऱ्हाड हमरियात एका शिंप्याच्या दुकानावर. तिथल्या बऱ्याच कंपन्यांची असते तशी आमच्याही कंपनीची क्रिकेट टीम होती. आमच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, आयुष्यात बॅट हातात धरली नव्हती. पण त्याच्या चुलतभावाच्या कंपनीचीही टीम होती आणि तिच्याकडून हरलेलं त्याला खपत नसे. त्यामुळे खेळाडू थेट भारतातून आणायचे. व्हिसा हेल्परचा किंवा ड्रायव्हरचा, गुरुवारपर्यंत पत्रे उचलायचे आणि शुक्रवारी सकाळी बोलिंग टाकायची. ही पोरं शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण तरुणपणी मी तालुक्याकडून खेळलो होतो आणि ऑफिसात तसं सांगत फिरणारा मी एकटाच होतो.

वर्षातून एकदा सुट्टीवर गावी आलो की निम्मी सुट्टी यातच जायची. चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, जिथे टुर्नामेंट असेल तिथे जाऊन बसायचो. बायको घरी माझ्या आईपाशी, मी मैदानावर. पहिल्या वर्षी सगळ्यांसारखाच विकेट मोजून एक पोरगा आणला. फायनलला पाच विकेट काढलेला. तेव्हा मस्कतची मैदानं म्हणजे खडी आणि धूळ, मध्ये सिमेंटची पट्टी आणि तिच्यावर मॅट. ती बघून तो असा गांगरला की दुसऱ्या महिन्यात त्याने हातात चेंडू घेणंच सोडलं. अर्बाब मला नुसतं "मा फी मुश्किल" म्हणाला. म्हणजे काही हरकत नाही. त्या शब्दांचा अर्थ उलटा घ्यायचा असतो हे तोवर मला कळलं होतं.

मला बघायला शिकवलं ते एका अमेरिकन म्हाताऱ्याने. बरक्याजवळ एका पॉवर प्लांटचं काम चालू होतं, तिथे तो माल तपासायला होता आणि त्या निमित्ताने आमच्या गोडाऊनमध्ये यायचा. पत्र्याची जाडी मोजून झाली की चहा घेत बसायचा. तरुणपणी बरीच वर्षं त्याने बेसबॉलच्या एका संघासाठी शाळाशाळांतून फिरून पोरं हेरली होती. मी क्रिकेटमध्ये तेच करतो हे कळल्यावर एका शुक्रवारी तो स्वतःची घडीची खुर्ची घेऊन वादी कबीरच्या मैदानावर हजर झाला. खेळाचे नियम त्याला शेवटपर्यंत कळले नाहीत. पण दहा मिनिटांत त्याने आमच्या अकरा जणांतल्या दोघांकडे बोट दाखवून सांगितलं, हा दोन वर्षांत संपेल आणि तो अजून सुरूच झालेला नाही. दोन्ही खरं ठरलं.

त्याचं म्हणणं असं, की स्कोअर बघायला माणूस लागत नाही, तो फळ्यावर लिहिलेला असतो. आपण बघायचं ते फळ्यावर नसलेलं. सामन्याच्या आधी तासभर जायचं आणि पोरं अंग मोकळं करत असताना बघायची. बेसबॉलवाले पाच गोष्टी बघतात : बॅटला चेंडू लागतो का, लागला तर लांब जातो का, पाय पळतात का, झेल हातात बसतो का आणि फेक कशी आहे. खांदा बघायचा, मनगट बघायचं, तळवा केवढा आहे ते बघायचं. चूक झाल्यावर पोरगा कुणाकडे बघतो तेही बघायचं. पाण्याची बाटली आधी दुसऱ्याला देतो का, हे त्याने सांगितलं नव्हतं, ते माझं मी घातलं, आणि त्याचा कधी काही उपयोग झाला नाही.

आणि दर पोराला दोन आकडे द्यायचे, एक आजचा आणि एक उद्याचा. आज हा पोरगा काय आहे, आणि अंग भरल्यावर, चार वर्षांनी, काय होईल. आजचा आकडा कुणीही देईल, तो म्हणायचा, आपल्याला ठेवलंय ते उद्याच्या आकड्यासाठी. उद्याचं ओळखायचं कसं, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, पार्किंगमध्ये जाऊन उभा राहा. पोराला सोडायला आईबाप येतात, त्यांच्याकडे बघ. बाप केवढा आहे, आईचे खांदे कसे आहेत. मुलगा अजून किती वाढणार ते तिथे उभं असतं.

मी वही केली. मोठी, स्टोअरमधल्या रजिस्टरची. रकाने पाडले : आज, उद्या, बाप. आईचा रकाना पाडलाच नाही. आमच्याकडे मैदानावर आई येते कुठे? शुक्रवारी सकाळी मस्कतमधल्या आया घरी असतात, कपडे असतात, आठवड्याची झाडलोट असते, दुपारचं मोठं जेवण असतं. गावी तर मैदानाच्या बाजूला बाईमाणूस दिसायचं नाही. बापसुद्धा निम्म्या वेळा नसायचा, मग बाप कसा आहे ते चुलत्याला नाहीतर शेजाऱ्याला विचारून घ्यायचो. जे कधी बघायलाच मिळणार नाही त्याचा रकाना कशाला, इतका साधा विचार मी केला. अमेरिकनाला वही दाखवली तेव्हा त्याला मराठी वाचता येत नव्हतं, त्यामुळे तोही काही बोलला नाही. पुढे प्लांटचं काम संपलं आणि तो गेला.

पद्धत लागू पडली. राजापूरला एका पोराला एकाच ओव्हरमध्ये चार सिक्स बसले. लोक हुर्यो उडवत होते. चौथ्या सिक्सनंतरही तो तितकीच पावलं मोजून मागे गेला आणि तितक्याच जोराने धावत आला. बाप बांधावर उभा होता, ताडमाड, लांब हातांचा. मी वहीत दहापैकी आज चार, उद्या आठ लिहिलं. माझ्याबरोबर आलेला एक जण म्हणाला, तुला उन्हाचा त्रास झालाय. दोन-तीन वर्षांत तो आमच्या लीगमधला सगळ्यात वेगवान बोलर झाला, आणि मस्कतजवळ अमेरातला हिरवळीचं मैदान झाल्यावर तर तो कुणाला आवरेना. मग माझं नाव झालं. दुसऱ्या कंपन्यांची माणसं आपली पोरं मला दाखवायला लागली. शेवटी शिबिराच्या निवड समितीवर मला बोलावणं आलं.

या कामाचा दुसरा भाग कुणी विचारत नाही. एकाला घ्यायचं म्हणजे पंधरा जणांना नाही म्हणायचं. पहिल्यांदा एका पोराला नाही म्हणालो तेव्हा त्याचा मोठा भाऊ एसटी स्टँडपर्यंत माझ्यामागे आला. वाद घातला नाही, माझी पिशवी उचलून गाडीत ठेवली आणि उभा राहिला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पाचव्या-सहाव्याला नाही म्हणताना नुसतं हातातल्या वहीकडे बघत राहिलो. पुढे पुढे समोर पोरगा रडवेला उभा असायचा आणि माझ्या डोक्यात गोडाऊनमध्ये किती बोल्ट उरलेत ते चाललेलं असायचं. दाढ काढताना इंजेक्शन देतात, मग गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं काहीतरी माझं झालं होतं. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट त्याने डोळा स्वच्छ राहतो, असं मी लोकांना सांगायचो.

मुलगा हमरियातच वाढला. शाळेत इंग्रजी, खालच्या हॉटेलात हिंदी आणि आमच्याशी अडखळत मराठी. "बाबा, माझा बोलिंग बघा ना," असं म्हणायचा. मी "माझी बोलिंग" असं दुरुस्त करून द्यायचो, आणि त्या नादात बोलिंग बघायची राहून जायची. इमारतीच्या मागे, गॅस सिलिंडरच्या पिंजऱ्याशेजारी, एक उंच भिंत होती. तिच्यावर खडूने स्टंप काढून तो संध्याकाळी तासन्‌तास टाकत बसायचा. उन्हाळ्यात ती भिंत हात लावू नये इतकी तापलेली असायची, तरी तो तिथेच. शिंप्याने एकदा मला विचारलं, "साहब, ये धप धप कब खलास होगा?"

शुक्रवारी तो माझ्याबरोबर मैदानावर यायचा आणि सावलीत माझ्या शेजारी बसायचा. वहीतला बापाचा रकाना भरायचं काम मी त्याला दिलं होतं. तो पार्किंगपर्यंत पळत जायचा, बघून यायचा आणि इंग्रजीत लिहायचा : उंच, हात लांब, थोडं पोट. त्याला ते काम फार आवडायचं. आज म्हणजे काय, उद्या म्हणजे काय, कुठला आकडा खरा धरायचा, सगळं त्याला तोंडपाठ होतं. त्याची स्वतःची ॲक्शन चांगली होती. चेंडू सुटताना मनगट सरळ राहायचं, आणि ते शिकवून येत नाही. पण अंग नव्हतं. वर्गाच्या फोटोत तो पहिल्या रांगेत, डावीकडून दुसरा.

त्या वर्षी निवडीला चाळीस मुलं आली. निवडणारे आम्ही तिघे : मी, बरक्याला टायरचं दुकान चालवणारे लाहोरचे एक जुने खेळाडू आणि श्रीलंकेचा कोच. तिघांनी एकमेकांना न विचारता आपापल्या कागदावर आकडे लिहायचे आणि मग बेरीज करायची. आज-उद्याची पद्धत माझीच होती. उद्याचाच आकडा धरायचा, हेही मीच त्या दोघांना पटवून दिलं होतं.

माझ्या मुलाची पाळी आली तेव्हा लाहोरवाले हळूच म्हणाले, "भाईजान, अपने बच्चे का खाली छोड़ दो. हम दोनों लिख देंगे." कोचनेही मान हलवली. दोघांच्या आकड्यांवर भागलं असतं आणि कुणी हरकत घेतली नसती.

"नहीं, मैं लिखूंगा," मी म्हणालो.

का, ते मला तेव्हाही माहीत होतं. बाकीच्या मुलांचे बाप दोरीपलीकडे उभे होते. त्यातल्या निम्म्यांना मी कधी ना कधी सुनावलं होतं, की स्वतःच्या पोराकडे जरा परक्याच्या नजरेने बघायला शिका. आता स्वतःच्या पोराच्या वेळी मी पेन्सिल खाली ठेवलेली बघून त्यांनी गालातल्या गालात हसावं, हे मला सोसणारं नव्हतं. घरचाच मामला म्हणणाऱ्यांना मला दाखवून द्यायचं होतं.

मुलगा धावत आला. सहा चेंडू टाकले. तिसरा आत आला आणि ऑफ स्टंप उडाला. लाहोरवाले "शाबाश" म्हणाले. मुलाने माझ्याकडे बघितलं नाही. मीच त्याला घरी बजावलं होतं, मैदानावर माझ्याकडे बघायचं नाही. मी आजच्या रकान्यात सहा लिहिलं. मग उद्याच्या रकान्यापाशी पेन्सिल थांबली. पद्धतीप्रमाणे मी बापाकडे बघायला गेलो. बाप पाच फूट चार इंच, कमरेत जाड, तिशीतच खांदा गेलेला, तालुक्याच्या वर कधी न खेळलेला. या बापाचा पोरगा आणखी वाढून किती वाढणार? उद्याच्या रकान्यात मी पुन्हा सहा लिहिलं.

दोन्ही रकान्यांत एकच आकडा मी फार कमी मुलांना दिला होता. त्याचा अर्थ, हा पोरगा जेवढा व्हायचा तेवढा झाला, आता यात पुढे काही नाही.

बेरीज कोचने केली. मुलगा एकविसावा आला. नुसते त्या दोघांचे आकडे धरले असते तर तो मधल्या कुठल्या तरी नंबरावर आरामात बसला असता. लाहोरवाल्यांनी माझा कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि परत दिला. कोच म्हणाला, अजूनही या एका मुलापुरता तुमचा कागद बाजूला ठेवू. मी नको म्हणालो. मला काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडा ताठा वाटला. दोरीपलीकडच्या बापांना आता बोलायला जागा उरली नव्हती.

यादी दुपारी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आली. आम्ही जेवायला बसलो होतो. सुरमईची आमटी होती. मुलाने डाव्या हाताने फोन उचलला, अंगठ्याने यादी वरून खाली नेली, मग पुन्हा एकदा वरून खाली. फोन उपडा ठेवला आणि भात कालवला.

"पुढच्या वर्षी बघू," मी म्हणालो.

"हं."

ताटात त्याने काही टाकलं नाही. सगळं जेवला, ताट उचलून मोरीत ठेवलं आणि आत गेला. माझ्या आकड्याबद्दल मी त्याला सांगितलं नाही. निवडीचे कागद गुप्त असतात असा नियम होता, आणि त्या दिवशी मला तो नियम फार सोयीचा वाटला.

पुढच्या शुक्रवारी सकाळी मी त्याला हाक मारली. "आज नको," म्हणाला. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच. तिसऱ्या शुक्रवारी मी हाक मारली नाही. किटची बॅग सोफ्यामागे गेली. भिंतीवरचे स्टंप काही महिने पुसट दिसत राहिले, मग इमारतीला रंग दिला.

बायकोला मी त्याच आठवड्यात सांगितलं. ती मिरजेची. तिला क्रिकेट कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. ती पोळ्या लाटत होती. मी उद्याला सहा दिला, म्हणून तो राहिला, आणि तो आकडा कसा काढला, हे सगळं मी तिला सांगितलं. तिने लाटणं थांबवलं नाही.

"बापाकडे बघून दिलात, आणि आईकडे?" ती म्हणाली. "माझ्या भावाला कधी बघितलंत का नीट?"

तिचा भाऊ एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहे. सहा फुटांच्या वर. आमच्या लग्नात मांडवाची झालर त्याच्या डोक्याला लागत होती, म्हणून फोटोत त्याला बसवला होता.

"त्याचा इथे काय संबंध?"

"पोरगं मामावर गेलंय, असं आई बारशालाच म्हणाली होती. तुम्ही तिथंच बसला होता." तिने पोळी तव्यावर टाकली. "माझा भाऊ दहावीपर्यंत एवढासाच होता. मग दोन वर्षांत वाढला. याची बोटं बघा, पायाचे पंजे बघा. बूट तर दरवेळी तुम्हीच घेऊन देता."

बूट मीच घेऊन द्यायचो. पंधराव्या वर्षी त्याला माझ्यापेक्षा दोन नंबर मोठा बूट लागत होता, आणि वाढतं पाऊल आहे म्हणून दुकानदाराने त्याहून एक नंबर मोठाच दिला होता. राजापूरच्या अनोळखी पोराचा तळवा मी लांबून ओळखला होता.  बायकोने तव्यावरची पोळी उलटली.

मग तो वाढायला लागला. एका वर्षात शाळेच्या पँटची खालची दुमड दोनदा उसवली. तिसऱ्यांदा शिंपी म्हणाला, "अब अंदर कपड़ा ही नहीं बचा." बारावीत गेला तेव्हा कपाटावरची सुटकेस तो टाचा न उचलता काढायचा. खांदे रुंद झाले. चालणंसुद्धा मामाचं, जरा पुढे झुकून. सुट्टीत मिरजेला गेलो तेव्हा दोघं शेजारी उभे राहिले आणि सासूबाई नुसत्या हसल्या. मी तिथे चहा पीत बसलो होतो. चहा गरम होता एवढंच मला आठवतं.

मनातल्या मनात मी त्याचे आकडे बदलत राहिलो. सात. मग साडेसात. मग आठ. कुणी विचारत नव्हतं. एकदा म्हणून पाहिलं, "शुक्रवारी नेटला येतोस का?" तो म्हणाला, "बोर्ड आहे ना, बाबा." खरंच बोर्डाची परीक्षा होती. मी समितीवरून नाव काढून घेतलं आणि गोडाऊनचं काम वाढलंय असं कारण दिलं. अर्बाबला म्हणालो, पोरं आता दुसऱ्या कुणाला बघू दे. तो म्हणाला, "मा फी मुश्किल," आणि या वेळी त्याला खरंच काही हरकत नव्हती. वाईट वाटतंय का, हे मी अधूनमधून तपासून बघायचो, जीभ गालावर फिरवून बघतात तसं. काही लागायचं नाही. आपलं काहीतरी बधिर आहे एवढंच कळायचं, आणि मी कामाला जायचो.

बारावी झाली. पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. जायच्या आठवड्यात आम्ही तिघे गाडीने सूरला गेलो, कारण इतकी वर्षं ओमानमध्ये काढून त्याने गलबतं बांधताना कधी पाहिली नव्हती. ती बघून झाली. उन्हं उतरल्यावर बायको किनाऱ्याच्या बाकावर बसली आणि आम्ही दोघं पाण्याच्या कडेने चालत निघालो. ओहोटी होती. ओल्या, घट्ट वाळूवर काही बांगलादेशी कामगार क्रिकेट खेळत होते. कुणीतरी जोरात मारला, आणि चेंडू आमच्या बाजूने घरंगळत पार मागच्या दगडांपाशी गेला. लांबून एकाने हात केला.

मुलगा गेला, वाकला, चेंडू उचलला. एक पाऊल पुढे टाकलं आणि फेकला. चेंडू माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवरून सरळ गेला. विकेटकीपरला हात हलवावे लागले नाहीत, जिथे होते तिथेच चेंडू येऊन बसला. कीपर हात झटकत हसला आणि शेजारच्याला काहीतरी म्हणाला. दोन वर्षांहून जास्त काळ चेंडूला हात न लावलेल्या मुलाची ती फेक होती.  किती तरी दिवसांनी मला काहीतरी स्पष्ट दुखत होतं, आणि ते सोसून गप्प राहणं मला जमलं नाही.

"ते शिबिर," मी म्हणालो. "तेव्हा तू माझ्यामुळे राहिलास. त्या दोघांनी तुला घेतलं होतं. मी उद्याला सहा दिला. आजही सहा आणि उद्याही सहा."

तो चालत राहिला.

"माहीत आहे, बाबा. टायरवाल्या अंकलनी मला सांगितला होता. त्याच दिवशी फोन केला त्यांनी. म्हणाले, तू सोडू नको, तेरे अब्बू रॉंग हैं."

"मग माझ्याशी भांडला का नाहीस?"

तो थांबला. मराठी शब्द शोधायचा असला की तो थांबतो.

"कशाला भांडू? तुम्ही बाकी सगळ्या मुलांचं बरोबर सांगायचात. मी तर बघत होतो ना, तुमच्या बाजूला बसून. मग मला वाटलं, माझ्यात पण नसेल. तुम्हाला दिसलं असेल की नाही आहे." त्याने बुटाने वाळू बाजूला केली. "मी रागाने नाही सोडलं, बाबा. मी तुमच्यावर बिलीव्ह केला."

वाळूवरची माणसं त्याला खेळायला बोलवत होती. त्याने हसून मानेने नको म्हटलं, आणि आम्ही बायको बसली होती त्या बाजूला परत वळलो.